स्टबी स्क्रू ड्रायव्हर घ्यायचाय? आधी जागा मोजा, मग उद्यमनगरात जा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही टूल्सच्या दुकानात जाऊन नुसतं "छोटा स्क्रू ड्रायव्हर द्या" म्हणालात की काउंटरवरचा माणूस तीन-चार वस्तू पुढ्यात टाकतो, एक बुटका जाड मुठीचा म्हणजे स्टबी, एक रॅचेटवाला म्हणजे एका दिशेला धरणारा आणि उलटा फिरवला की मोकळा सुटणारा, एक झेडसारखा दोन्हीकडं वाकवलेला आणि एक घड्याळाच्या स्क्रूचा बारका, आणि आता ह्या सगळ्याच वस्तू छोट्याच आहेत की राव. त्यातलं जरा जाणतं कोण असेल तर पहिला प्रश्न विचारतं "कुठं वापरायचाय भावा?" आणि इथंच निम्मी गिऱ्हाईकं गप्प होतात. मग जो सगळ्यात आखूड दिसतो तो उचलायचा, घरी यायचं आणि वैतागायचं.

माझं मत असं की अडचण नेमकी कुठल्या बाजूनं आहे हे बघितल्याशिवाय टूल घेऊच नये. स्क्रूच्या डोक्यासमोर जागा नसणं वेगळं आणि स्क्रू खोल भोकात असणं वेगळं. मिक्सर पालथा करून बघा, बुडाचे स्क्रू चांगले आत गेलेले असतात, तिथं समोर अख्खं घर मोकळं आहे पण स्टबीची जाड मूठ भोकाच्या तोंडालाच अडते आणि टोक स्क्रूपर्यंत पोचतच नाही. तिथं बारीक दांडीचा लांब ड्रायव्हरच पाहिजे. आखूड म्हणजे अडचणीत चालणारा असं डोक्यात बसलेलं असतं ना, ते पहिलं काढून टाका.

स्टबीचं खरं काम म्हणजे समोर भिंत असलेल्या जागा. आमच्या ओट्याखाली तेलाच्या बाटल्यांची ती उभी अरुंद ट्रॉली आहे, बाहेरून १५० मिमी. प्लाय १८ मिमीचा, दोन्ही बाजूचे ३६ गेले की आत राहिले ११४. ट्रॉली ज्यावर सरकते ते चॅनेल बाजूच्या प्लायला बसतं आणि त्याचे स्क्रू आडवे. आता स्टबीची पूर्ण लांबी साधारण ८० ते ९० मिमी असते म्हणजे कागदावर तो आरामात बसतो, वर पंचवीसेक मिमी उरतातही. पण मुठीमागं आपला तळहात असतो हे कोण धरतच नाही! तळहाताची जाडी अडीच-तीन सेंटीमीटर धरा, बाहेर आलेली बोटांची हाडं वेगळी, म्हणजे स्टबीनं नीट जोर लावायचा तर साधारण १२ सेंटीमीटर मोकळे पाहिजेत. ११४ मध्ये हात घुसतो, पण मूठ वळत नाही आणि समोरच्या प्लायवर बोटं खरवडून निघतात. त्यामुळं घरातनं निघायच्या आधी पट्टी घेऊन स्क्रूच्या डोक्यापासून समोरच्या अडथळ्यापर्यंत माप घ्या आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवा, दुकानात आठवत नाही.

१२ सेंटीमीटरच्या वर असेल तर डोळे झाकून साधा स्टबी घ्या. त्याच्या खाली असेल तर आडव्या दांडीचा चपटा रॅचेट, ज्यात पाव इंची म्हणजे ६.३५ मिमी षटकोनी बिट, म्हणजे ड्रायव्हरचं सुटं टोक, बसते. साधी बिट २५ मिमी लांब असते, वर रॅचेटचं डोकं, सगळं मिळून चारेक सेंटीमीटरमध्ये काम होतं आणि हात बाजूला राहतो. फक्त दात किती आहेत ते विचारा. ७२ दातांचा असेल तर ५ अंश हललं की पुढचा दात धरतो, ३६ चा असेल तर १० अंश लागतात, आणि जिथं दांडी हलवायलाच वाव नाही तिथं हा फरक लगेच हाताला कळतो. रॅचेटचा एक वैताग म्हणजे स्क्रू ढिला झाला की तो परत फिरतानाही रॅचेटसोबत मागंपुढं हलत बसतो, दात सुटतच नाही, त्यामुळं डोक्याला बोटानं फिरवायची खरबरीत चकती असलेला बघून घ्या, सुरुवात रॅचेटनं आणि बाकीचं बोटानं. आणि घरात पाव इंची पाना असेल तर काहीच घेऊ नका, बिट स्क्रूत धरा, मागून बोटानं दाबा, पान्यानं फिरवा, झालं काम. सात नंबरचा म्हणजे ७ मिमीचा पानाही बसतो पण ढिला बसतो, जोर लावला की बिटचे कोपरे खातो.

झेडवाल्याबद्दल बऱ्याच जणांना वाटतं दोन टोकं म्हणजे एक प्लस एक मायनस. काहींत तसं असतं पण जुन्या पद्धतीच्या मायनसवाल्यात दोन्ही टोकं मायनसच, फक्त एकाची पाती दांडीच्या दिशेला आणि दुसऱ्याची आडवी. पाव फेरा एका टोकानं, मग उलटा करून पाव फेरा दुसऱ्यानं. वेळखाऊ आहे पण सगळ्यात कमी जागेत हाच जातो.

लांबी झाली, आता जोर. लांब ड्रायव्हरला ताकद जास्त असं आमच्याकडं फिटरसुद्धा छातीठोक सांगतात. दांडीच्या लांबीनं पीळ वाढत नाही भावा, मुठीच्या जाडीनं वाढतो. २० मिमीच्या मुठीऐवजी ३४ मिमीची धरली तर तेवढ्याच पकडीत जवळजवळ पावणेदोन पट पीळ मिळतो, म्हणून तर स्टबीची मूठ कांद्यासारखी फुगीर करतात. लांबचा फायदा एवढाच की तो सरळ धरायला सोपा आणि मागून खांद्याचा भार टाकता येतो. स्टबी जरा तिरका झाला की टोक लगेच तिरकं.

आणि हा मागून भार टाकता न येणं हाच अडचणीच्या जागेतला मोठा घोळ आहे. प्लसचा फिलिप्स स्क्रू १९३६ च्या आसपास अमेरिकेत गाड्यांच्या कारखान्यात आला, तिथं पॉवर ड्रायव्हरचं टोक आपोआप मध्यभागी बसावं म्हणून त्याची खाच आत निमुळती केलेली. त्या उतारामुळंच पीळ वाढला की टोक वर उचललं जातं. उभं राहून काम करताना आपण दाबून धरतो, पण सिंकखाली आडवं पडून फक्त मनगटावर जोर असताना ते घसरतं आणि एकदा खाच गुळगुळीत झाली की मग रडत बसा. त्यामुळं बाकी ठिकाणी चालून जाणारं ढिलं टोक इथं चालत नाही. ओट्याखालच्या बऱ्याचशा स्क्रूला नंबर २ मापाचं टोक लागतं, नंबर १ चं टोक त्यात जातं पण खुळखुळतं, ते वापरू नका.

कपाटाच्या बिजागऱ्यांचे स्क्रू तर नीट बघाच. फुलीच्या चार खाचांच्या मधल्या कोपऱ्यांत चार बारीक रेघा अजून दिसतात का? दिसल्या तर तो फिलिप्स नाही, पोझीड्राइव्ह आहे, त्याला पीझेड २ ची बिट लागते. कपाटाचं दार खाली आलंय म्हणून सुतार बोलवायच्या आधी ही बिट घेऊन बघा, दोन स्क्रू फिरवले की दार जाग्यावर येतं. जपानी बनावटीच्या गाड्यांवरही असाच प्रकार आहे, काही स्क्रूच्या डोक्यावर एक टिंब असतं, ते जेआयएस म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे, फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचे स्क्रू बऱ्याच जुन्या गाड्यांत असलेच, तेही इंजिनाच्या पोटात, मऊ धातूचे, आणि वर्षानुवर्षं चुकीच्या टोकानं पिळलेले. जुनी गाडी घेतली असेल तर एकदा वाकून बघा, आधीच्या मेकॅनिकचा अख्खा इतिहास दिसतो.

म्हणूनच मी एकसंध दांडीच्या स्टबीपेक्षा बिट बदलता येणारा घ्या म्हणतो. बिट खराब झाली तर बिट बदला. घेताना दुकानातच बिट घालून हलवून बघा, खडखडली तर ठेवून द्या. चुंबक असलेला बरा, पण लोखंडी चॅनेलच्या आत तोच चुंबक स्क्रूला भलतीकडं खेचतो, तिथं टोकावर जरासं ग्रीस लावून स्क्रू चिकटवा, इथले सगळे मेकॅनिक हेच करतात.

स्विचबोर्डात मात्र हा आखूड प्रकार नको. दांडी दोन-तीन सेंटीमीटरची म्हणजे बोटं थेट टर्मिनलपाशी, आणि प्लॅस्टिकची मूठ म्हणजे इन्सुलेटेड नव्हे, १००० व्होल्टचा शिक्का असलेलेच ड्रायव्हर त्या कामाचे, आणि ते हातात असले तरी आधी एमसीबी खाली. घरोघरी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये असतो तो टेस्टर तर फक्त टेस्टच करायला ठेवा. त्याची पाती बारीक, पोटात रेझिस्टर आणि निऑनचा दिवा, त्यानं ट्रॉलीचे स्क्रू पिळून पाती वाकडी करायची, बॉडीला तडा पाडायचा आणि परत त्याच टेस्टरवर भरवसा ठेवून वायरला हात लावायचा हे आमच्या घरात अजून चालू आहे, बायकोचं म्हणणं साधा स्टबी शे-दोनशेला येतो तर आण की दोन, एक माझ्या ड्रॉवरमध्ये राहू दे.