कर्ली खाडीतील फेरी आणि जुन्या आऊटबोर्डचे घटलेले कॉम्प्रेशन

मालवणजवळच्या देवबागहून कर्ली खाडीने नेरूरपारच्या पुलापर्यंत जाऊन परत येण्याचा आमचा बेत होता. होडी फायबरची होती आणि तिला दोन सिलिंडरचे, ४० अश्वशक्तीचे जुने टू-स्ट्रोक आऊटबोर्ड (होडीच्या मागे बाहेर बसवलेले) इंजिन होते. भरतीबरोबर वर जावे आणि ओहोटी लागली की परतावे, हा क्रम जुन्या इंजिनासाठी विशेष सोयीचा आहे, कारण इंजिन बंद पडले तरी पाणी होडीला देवबागकडेच आणते. मात्र तेच पाणी पुढे खाडीच्या मुखातून समुद्रातही ओढून नेते, म्हणून नांगर आणि वल्ही होडीत असलीच पाहिजेत.

पूल जवळ आला तशी इंजिनाची ताकद उतरू लागली. थ्रॉटल पूर्ण उघडूनही होडी पाण्यावर उचलेना आणि हळू चालवताना इंजिन थडथडू लागले. 'मशीन जोर धरणा नाय,' एवढेच होडी चालवणारे तांडेल म्हणाले. थंड करणाऱ्या पाण्याची धार व्यवस्थित पडत होती, पेट्रोलचा फिल्टर स्वच्छ होता आणि नवे प्लग बसवूनही फरक पडला नाही, तेव्हा ओहोटीबरोबर सावकाश परतून किनाऱ्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती दाबतो ते, तपासायचे ठरले.

ही तपासणी सोपी असली तरी घाईत केल्यास आकडे फसवतात. इंजिन कोमट असावे, दोन्ही प्लग काढलेले असावेत आणि त्यांच्या वायर इंजिनाच्या धातूला जोडून अर्थिंग केलेल्या असाव्यात. नाहीतर सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक भाग) खराब होण्याचा आणि उडालेल्या ठिणगीने पेट्रोलची वाफ पेटण्याचा धोका राहतो. न्यूट्रलमध्ये अनेक आऊटबोर्डांचा थ्रॉटल पूर्ण उघडत नाही, म्हणून कार्बोरेटरची झडप हाताने उघडी धरावी लागते. ती बंद राहिली, तर हवा पुरेशी आत न गेल्याने चांगले सिलिंडरही कमकुवत दिसते. प्लगच्या भोकात लावायचे दाबमापक गेज हाताने दाबून धरण्याच्या रबरी टोकाचे नको, आट्यांचे घ्यावे, आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत इंजिन सुरू करण्याची दोरी जोराने ओढावी.

आमच्या वरच्या सिलिंडरने ११५ पीएसआय (दाबाचे एकक) दाखवले, खालच्याने ७०. जुन्या टू-स्ट्रोक आऊटबोर्डमध्ये साधारण ९० ते १२० पीएसआय मिळतात, पण गेजागणिक आकडा बदलत असल्याने मी त्यापेक्षा दोन सिलिंडरांमधील तफावतीला अधिक महत्त्व देतो. ती १० ते १५ टक्क्यांपलीकडे गेली, की कारण शोधावेच लागते.

खालच्या सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) तेल सोडून पुन्हा मोजले, तेव्हा काटा जेमतेम हलला. तेलाने आकडा बराच वाढला असता, तर झिजलेल्या किंवा काजळीत अडकलेल्या पिस्टनच्या रिंगांवर संशय गेला असता. टू-स्ट्रोकमध्ये ही चाचणी निर्णायक नसते, परंतु प्लगच्या भोकातून टॉर्चच्या उजेडात पिस्टनचा माथा पाहिला आणि शंका मिटली: वरचा पिस्टन काजळीने काळा होता, तर खालचा धुऊन काढल्यासारखा लख्ख. आत शिरणाऱ्या पाण्याची वाफ काजळी उडवते, त्यामुळे असा लख्ख पिस्टन दिसल्यास हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचे झाकण म्हणजे हेड यांच्यामधील सांधा बंद ठेवणारा पातळ थर) फुटल्याचे जवळजवळ निश्चित समजावे.

हेड उतरवल्यावर पाण्याची वाट आणि सिलिंडर यांच्यामधील गॅस्केट खाल्ले गेलेले आढळले. खाऱ्या पाण्यात चाललेल्या इंजिनाचे बोल्ट गंजून धरतात, म्हणून ते जबरदस्तीने फिरवू नयेत. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे आणि गरज पडल्यास भोवतालचा भाग तापवावा. अडकलेला बोल्ट तुटला, तर गॅस्केटपेक्षा तो काढण्याचीच मजुरी जास्त होते. सिलिंडरच्या भिंतीवर बोटाला लागतील असे ओरखडे नव्हते, म्हणून काचेवर पॉलिश पेपर ठेवून हेडचा पृष्ठभाग समतल करणे आणि नवे गॅस्केट बसवणे पुरेसे ठरले. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळावेत.

त्यानंतर खालच्या सिलिंडरने ११० पीएसआय दाखवले. तुमच्या इंजिनाचे दोन्ही आकडे उत्तम असूनही ते ओढत नसेल, तर हेड उघडण्याआधी क्रँकचे सील आणि रीड व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणाऱ्या झडपा) पाहावेत, कारण क्रँककेसमधील, म्हणजे पिस्टनमागच्या पोकळीतील, गळती या गेजवर दिसत नाही.