रात्रभर गॅरेजमध्ये ठेवलेली गाडी

आप्पा कळे गावाहून आले ते गुळाचे रवे कोल्हापूरच्या मार्केट यार्डात उतरवूनच. छोटा पेट्रोल पिकअप, हौद्याला अजून गुळाचा वास होता. उद्यमनगरात माझ्या गॅरेजसमोर गाडी लावली आणि खाली उतरायच्या आधीच म्हणाले, "मिस्त्री, दोनदा पैसं घातलं, तरी दिवा काय विझंना बघा."

चेक इंजिनचा दिवा. स्कॅनर लावला तर पी ०१७१, म्हणजे मिक्श्चर लीन. हवा जास्त, पेट्रोल कमी. आधी दुसरीकडे ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन बघणारा, नवा घातला होता, मग इंजेक्टर साफ केले होते. दोन्ही वेळा दिवा घालवून गाडी हातात दिली आणि दोन-तीन दिवसांत तो परत लागला. जुना सेन्सर आप्पांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवला होता. पिशवी सोडून बघितली आणि मला फार वाईट वाटलं. ऐन हंगामात गेलेले पैसे होते ते.

सीएनजी किट नव्हतं. पेट्रोलचं प्रेशर मोजलं, बरोबर होतं. लीन कोड म्हटलं की आम्ही आधी इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीला, जादा हवा कुठून शिरते ते शोधतो. पण या इंजिनात हवा मोजायला मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकमधला दाब मोजणारा सेन्सर आहे, एअरफ्लो मीटर नाही. इनटेकमध्ये चोरून हवा शिरली तर आतला दाब वाढतो, तो मॅप सेन्सरला कळतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या मानानं पेट्रोल वाढवतो. आयडलिंग चढतं, लीन कोड सहसा येत नाही. हे ध्यानात न घेता होजमागून होज बदलणारे मी पुष्कळ बघितलेत. तरी कार्ब क्लीनर मारून खात्री केली. कुठंच लीक नाही.

मग प्लग काढले आणि तिथं मी थबकलो. चारही प्लग काजळीनं काळे. लीन चालणाऱ्या इंजिनाचे प्लग पांढरट पडतात. हे तर पेट्रोल जास्त झाल्याचं लक्षण. ॲव्हरेज विचारलं.

"पंधरा द्यायची, आता अकराच्या वर जाईना."

म्हणजे इंजिनात पेट्रोल खरोखर जास्त जात होतं आणि सेन्सर मात्र कमी आहे म्हणून सांगत होता. सेन्सर तर नवाकोरा.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघितला, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा. लाँग टर्म अधिक २२, शॉर्ट टर्म उणे १४. ईसीयूनं कधीतरी बावीस टक्के जादा पेट्रोल द्यायचं शिकून ठेवलं होतं आणि आत्ता, इंजिन गरम असताना, तेच कमी करत होता. मग हे शिकला कधी?

"आप्पा, सकाळी चालू करताना काय वेगळं वाटतं?"

"पहाटं टकटक करत्या. फुलेवाडी नाक्यापतुर येस्तोवर गप हुत्या. टॅपेट असंल म्हणलं."

गावाहून शहरात येईपर्यंत गाडी गरम व्हायची, त्यामुळं गार गाडी कुणी मिस्त्रीनं बघितलीच नव्हती. मी म्हटलं, "आज गाडी हितंच राहू दे." आप्पांच्या कपाळावर आठी आली, पण एसटीनं गेले.

सकाळी साडेसहाला बॉनेट उघडं ठेवून सेल्फ मारला. टक, टक, टक. आवाज टॅपेटच्या जागेवरून, म्हणजे वरच्या व्हॉल्व्हच्या बाजूनं, नव्हता, खालून, एक्झॉस्टच्या बाजूनं होता. सेन्सर कामाला लागताच ०.१ व्होल्टला चिकटला आणि शॉर्ट टर्म अधिक १३ वर चढला. लगेच इंजिन बंद केलं. मॅनिफोल्डवरचं, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांवरचं, पत्र्याचं कव्हर काढताना गंजलेला एक बोल्ट तुटला. खाली तिसऱ्या सिलिंडरच्या नळीला काजळीची केसासारखी बारीक रेघ. सायलेन्सरच्या तोंडाला कापड गुंडाळून ब्लोअर लावला, पोऱ्याला रेघेवर साबणाचं पाणी मारायला लावलं. बुडबुडे फुटले, एकामागून एक.

एक्झॉस्टचा धूर सलग वाहत नाही, हिसक्यांनी जातो. दोन हिसक्यांच्या मध्ये दाब पडतो आणि भेग बाहेरची हवा आत ओढते. पुढं बसलेल्या सेन्सरला तो ऑक्सिजन दिसला की तो लीन म्हणून कळवतो आणि ईसीयू आणखी पेट्रोल ओततो. इंजिन तापलं की नळीचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, फुगतं, भेग मिटते, आवाज बंद. सेन्सरनं जे दिसलं तेच सांगितलं होतं. त्याला बदलून काय होणार?

मॅनिफोल्ड बीडाचा. वेल्डिंग गार बीडावर मारलं तर शेजारी नवी भेग पडते. पण बीडाचं काम उद्यमनगरात नाही तर कुठं होणार? पलीकडच्या गल्लीतल्या वेल्डरनं भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं, भेग पुढं पळू नये म्हणून. मग तुकडा भट्टीत तापवून निकेल रॉडनं थोडं थोडं भरलं आणि सबंध मॅनिफोल्ड कोरड्या राखेत पुरून ठेवला. संध्याकाळपर्यंत हात लावू दिला नाही. मी फ्लँज, म्हणजे इंजिनाला टेकणारी कड, घासून सपाट केली, नवं गॅस्केट घातलं आणि ईसीयूचं जुनं शिकणं पुसून टाकलं.

गाडी देताना आप्पांना म्हटलं, दिव्याचं सोडा, पहाटे चालू कराल तेव्हा मला फोन लावा. चौथ्या दिवशी सहाच्या आधीच फोन वाजला.

"मिस्त्री, आयका."

त्यांनी फोन बॉनेटवर धरला. सेल्फ फिरला, इंजिन लागलं. मी अंथरुणात उठून बसलो, फोन कानाला घट्ट लावून, पुरता एक मिनिट. नुसती सलग गुरगुर.