हायडलबर्गचा फुटका बुरूज

जर्मनीतल्या हायडलबर्गला येऊन दीड महिना झाला तरी किल्ल्यावर जाणं झालं नव्हतं. रोज कॉर्नमार्क्ट चौकातून जाताना मान वर केली की डोंगराच्या कुशीत तो तांबडा श्लॉस दिसायचा. साताऱ्याकडच्या मुलीला किल्ला नुसता खालून बघवत नाही. शेवटी गेल्या रविवारी निघालेच. वर जायला डोंगरी रेल्वे आहे, पण मी पायऱ्या धरल्या. तीनशेवर पायऱ्या, त्यात ओली पानं पडून निसरड्या झालेल्या. दम लागला तेव्हा घरची आठवण आली.

बहुतेक लोक आधी तळघरातलं अजस्र लाकडी पिंप बघायला जातात. 1751 सालचं, सव्वादोन लाख लिटरच्या आसपास वाईन मावेल एवढं. मीही पाहिलं. पण पाय खिळले ते बागेच्या बाजूला, फुटक्या बुरुजासमोर.

हा तोफांच्या दारूच्या कोठाराचा बुरूज. 1693 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्यानं त्याच्याखाली सुरुंग लावला. भिंत सहा मीटरहून जाड, त्यामुळे बुरुजाचा चुरा झालाच नाही. उभा चिरल्यासारखा त्याचा एक अख्खा भाग सुटला आणि सरळ खंदकात जाऊन बसला. आजही तो तिथेच कलंडलेला आहे. फुटलेल्या बाजूनं आतलं सगळं उघडं पडलंय: मजल्यांच्या कमानी, मधला जाडजूड खांब, भिंतीच्या पोटातले दगडांचे थर. बाहेरून घडीव चिरे आणि आत ओबडधोबड भरणी.

याच फ्रेंचांनी किल्ल्याला आग लावली होती त्याआधी चार वर्षं, 1689 च्या मार्चमध्ये. हे साल फलकावर वाचलं आणि अंगावर काटा आला. त्याच मार्चमध्ये तुळापूरला संभाजीमहाराजांची हत्या झाली आणि वर्ष सरायच्या आत रायगड पडला. दोन मुलखांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी मी बराच वेळ त्या आकड्यासमोर उभी राहिले.

पुढे 1764 मध्ये वीज पडून उरलंसुरलंही जळालं. मग गावकरी घरं बांधायला इथलेच दगड नेऊ लागले. ते थांबावं म्हणून जन्मभर झटला तो शार्ल द ग्रँबेर, आणि तो फ्रेंच होता! 1810 मध्ये आला आणि इथलाच झाला. किल्ल्याची चित्रं काढून घेतली, छापली, सापडेल ती वस्तू जपून ठेवली. 1900 च्या सुमारास सगळा किल्ला नव्यानं बांधायचा की आहे तसा राखायचा, यावर मोठा वाद झाला. फ्रिडरिशचा महाल तेवढा डागडुजी करून उभा केला, बाकी पडझड तशीच सांभाळली. मला हे मनापासून पटतं. आपल्याकडे पडक्या तटावर सिमेंटचा गिलावा पाहिला की पोटात तुटतं.

निघताना एलिझाबेथ दरवाजापाशी थांबले. 1615 मध्ये इथला राज्यकर्ता पाचवा फ्रिडरिश यानं आपल्या इंग्रज बायकोसाठी, एलिझाबेथसाठी बांधलेला. खांब झाडाच्या बुंध्यासारखे कोरलेत, वर वेल आणि पानांत लपलेले बारके प्राणी. वालुकाश्मावरून हात फिरवला तर तळहाताला तांबूस कण चिकटले.

संध्याकाळी जुन्या पुलावर आले. खाली नेकार नदी, मागे 1386 पासूनच्या विद्यापीठाचं गाव. याच विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोंथायमर शिकवत. खंडोबा-बिरोबाच्या शोधात धनगरांच्या वाड्यांवर राहून ओव्या गोळा करणारा माणूस या गल्ल्यांतून चालला असेल, या विचारानं गाव एकदम जवळचं वाटलं.

पुलावरूनच आबांना व्हिडिओ कॉल लावला. आबांचा जन्म गवंडीकामात गेला. बुरुजाचा फोटो त्यांनी मोठा करून करून पाहिला. मग म्हणाले, "पोरी, सांध्यात चुना कसला हाय ते दिसंना गं. जवळनं काढ की."

येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे, सांध्यांचे फोटो काढायला.