मुतखडा झालाय का कधी?

गेल्या श्रावणात आई फुलं काढायला आगरात निघाली होती, पाखाडीच्या जांभ्यावर शेवाळ धरलेलं, पाय सरकला, सावरायला हात टेकला तर मनगटच मोडलं. प्लास्टर झालं, डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे झाला, त्यातला टी-स्कोर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा) उणे 3.1. उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ, ठिसूळ होण्याचा आजार. "पाळी जाऊन दहा वर्षं झाली, हाडं ठिसूळ होणारच, कॅल्शियम चालू करा" एवढं सांगून घरी पाठवलं.

मला ते पटेना. आई रोज नाचणीची भाकरी खाते, 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, आणि सुकी मांदेली तर काट्यासकट. शिवाय वर्षभर एकच रड, "बाय, तहान भागतच नाय माजी", आणि रात्री चार वेळा उठायची.

मग कोल्हापूरला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलंच विचारलं, मुतखडा झालाय का कधी? झालाय, दोनदा! रक्त तपासलं तर कॅल्शियम 11.6, नॉर्मल साधारण साडेदहापर्यंत. म्हणजे कमी नव्हतंच, जास्त होतं आणि आम्ही वर गोळ्या देत होतो. मानेत थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, त्यातली एक वाढून नको तेवढं हार्मोन सोडत होती, ते हार्मोन हाडातलं कॅल्शियम उपसून रक्तात आणतं, तिथून ते लघवीत जातं म्हणून खडे. ऑपरेशन करून ती काढली, महिन्याभरात तहान गेली.

म्हणून कळकळीने लिहितेय, वय झालं म्हणून सोडून देऊ नका. थायरॉईडच्या गोळीचा डोस जास्त झाला तरी हाडं झिजतात, दमा किंवा संधिवातासाठी तीन महिन्यांच्या वर स्टिरॉईडच्या गोळ्या घेतल्या तरी, गव्हाने आतडं बिघडणारा सिलिअ‍ॅक असेल तरी. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुडीतही कधीकधी स्टिरॉईड असतं, डॉक्टरांना ती दाखवाच.

आणि आपल्याकडे "पिशवी काढली" एवढंच सांगतात. पिशवीबरोबर अंडाशयं पण काढली का हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं, आणि पाळी जायच्या आधी ती काढली तर इस्ट्रोजेन एकदम बंद होतं आणि हाडं तेव्हापासूनच विरळ व्हायला लागतात. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा, त्यावर लिहिलेलं असतं. काल शेजारच्या काकूंचं ट्रंकेतून काढलं, वय 38, दोन्ही अंडाशयं काढलेली. पुढच्या आठवड्यात त्यांना डेक्साला घेऊन जातेय.