तेच हसू, दोनदा

ईशाने आज माझी टेलर स्विफ्टची गाणी लावली आणि लगेच बंद केली. "मावशी, तू अजून जुनी 'फियरलेस' ऐकतेस? टेलर्स व्हर्जन लाव ना. ती जुनी चोरांची आहे." मी म्हटलं, चोरांची कशी, ती तर २००८ मध्ये अल्बम आला तेव्हा रीतसर पैसे मोजून घेतलेली सीडी आहे. ती हसली नाही. या मुलींना या बाबतीत गंमत चालत नाही.

आणि तिचं म्हणणं चूक नाहीच. २०१९ मध्ये स्कूटर ब्राऊन नावाच्या म्युझिक मॅनेजरने टेलरची जुनी रेकॉर्ड कंपनी बिग मशीन घेतली, तिच्याबरोबर टेलरच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर्स, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, गेले. गीतकार म्हणून शब्द-चालींवर हक्क तिचा, रेकॉर्डिंग मात्र दुसऱ्याचं. मग तिने तीच गाणी 'टेलर्स व्हर्जन' म्हणून पुन्हा गायला घेतली. २०२१ मध्ये 'फियरलेस' आणि 'रेड', २०२३ मध्ये 'स्पीक नाऊ' आणि '१९८९'. जिरवली एकेकाची. टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

मग दिवसभर हे टोचतंय काय?

जेवणं झाल्यावर 'फियरलेस'मधलं 'हे स्टीफन' हे गाणं दोन्ही रूपांत ऐकलं, आधी जुनं, मग नवं. नवं सरसच. आवाज भरलेला, वाद्यं स्वच्छ, तो नाकातला कंट्री, म्हणजे अमेरिकी गावरान गाण्याचा, हेल बराच निवळलेला. आणि जुन्यात ती गाता गाता जिथे हसते, तिथे नव्यातही हसते. मी तेवढाच तुकडा मागे-पुढे करत बसले. अठराव्या वर्षी सुटलेलं हसू एकतिसाव्या वर्षी त्याच जागी. माइकसमोर उभं राहून, आता इथे हसायचं, असं ठरवून? की खरंच आलं असेल? आलं असेल तर जास्तच राग येतो.

राग नाही. हेवा. तिला परत जाता आलं. मला कोण देणार आहे २००८ पुन्हा गायला? ती सीडी मला कुणी दिली होती... जाऊ दे.

तसा माझा रुसवा जुनाच. २०१४ मध्ये ती कंट्री सोडून सरळ पॉपमध्ये गेली, नॅशव्हिलहून न्यूयॉर्कला गेली. बॅन्जो गेला, सिंथ आले. ज्या वर्षी माझ्याही हातून एकेक सुटत होतं, नेमकं त्याच वर्षी. जणू मला विचारून जायला हवं होतं तिने! आणि मागे वळून पुन्हा तीच जुनी गाणी गायली, तर त्यावरही माझी कुरकुर. मला नक्की हवंय तरी काय?

लहानपणी कॅसेट घेताना आई दुकानदाराला दटावून विचारायची, "ओरिजिनलच आहे ना? व्हर्जन नको." व्हर्जन म्हणजे भलत्याच कुणीतरी गायलेली, स्वस्तातली. आता व्हर्जनही तिचंच, आणि तेच खरं मानायचं. आईला हे समजावत बसण्यात अर्थ नाही.

मे २०२५ मध्ये तिने सगळे मास्टर्स विकत घेतले. तेव्हाच्या पत्रात तिने लिहिलं होतं की त्या सहांतल्याच 'रेप्युटेशन' अल्बमचा पाव हिस्साही पुन्हा रेकॉर्ड झालेला नाही, करायला बसलं की अडतंच. तो अल्बम त्या काळाचाच होता म्हणे. हे आज पुन्हा काढून वाचलं आणि, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. हाताशी स्टुडिओ, पैसा, वाट बघणारे एवढे लोक, आणि तरी तिलाही तिथे परत जाता आलं नाही.

ईशाला मेसेज टाकला, जुनीही आता तिचीच आहे. उत्तर आलं, "माहितीये गं. पण टेलर्स व्हर्जन बेटर आहे."

बेटर आहेच, कोण नाही म्हणतंय! मला कच्चंच हवंय. आणि ते ऐकल्याचे पैसेही आता टेलरलाच जाणार, म्हणजे ईशाला ओरडायलाही जागा नाही.