शेकरूचं माप

३० नोव्हेंबर

साताऱ्यात राजवाड्याजवळ थंडीच्या कपड्यांचे गाडे लागलेत. संध्याकाळी तिथून फ्लीसची दोन ब्लँकेटं आणली, एक तांबूस विटकरी, एक सायीच्या रंगाचं. मीटरवर फ्लीस मिळेल म्हणून आधी सदाशिव पेठेतली दोन दुकानं फिरले होते, पण दोन्हीकडे स्वेटरचंच कापड काढून दाखवलं. डबल बेडच्या ब्लँकेटात कापड मात्र भरपूर निघतं.

घरी येऊन आईसमोर पसरलं.

"कुणासाठी गं?"

"माझ्यासाठी. शेकरूचा पोशाख शिवणार आहे, त्या मोठ्या खारीचा. टोपीपासून पायापर्यंत, शेपटीसकट."

"आणि घालायचं कुठं?"

"घरात."

आईनं कापडाची कड चिमटीत धरली, जरा चोळली. "ह्याची उलट-सुलट कशी ओळखायची ते बघ आधी," एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

१ डिसेंबर

उलट-सुलट सापडली. ब्लँकेटची शिवलेली किनार कापून टाकली आणि कड आडवी ताणली. ती गुंडाळत जाते, आणि गुंडाळते ती उलट्या बाजूकडे. दोन्ही अंगांनी सारखंच मऊ दिसणाऱ्या कापडात ही खूण सापडली तेव्हा फार बरं वाटलं.

लव बघितली. वरून खाली हात फिरवला की गुळगुळीत, खालून वर फिरवला की अंगावर येते. सगळे तुकडे एकाच दिशेनं बेतायचे, नाहीतर पाठ एका रंगाची आणि बाही दुसऱ्या रंगाची दिसेल. लव खालीच जायला हवी, जनावराच्या अंगावर जाते तशी.

शेकरूच का, तर दोन वर्षांपूर्वी कोयनेच्या बाजूला जंगलाच्या कडेला एक बघितलं होतं. मागच्या पायांनी फांदी घट्ट धरून, डोकं खाली घालून ते फळ खात होतं. अंगापेक्षा लांब शेपूट फांदीच्या पलीकडे लोंबत होती, तराजूचं दुसरं पारडं असावं तशी. आपला राज्यप्राणी म्हणून शाळेत नाव पाठ केलेलं, पण त्या दिवशी कळलं की ते आयुष्य झाडावरच काढतं आणि जमिनीवर सहसा उतरतच नाही. आमच्या गच्चीवरच्या खोलीत बसून रात्री काम करताना मला ते आठवत राहतं. तिथं डिसेंबरात पाय गोठतात, शाल खांद्यावरून घसरते. एकाच कपड्यात सगळं अंग झाकेल असं काहीतरी हवंच होतं. जपानमध्ये अशा पोशाखांना किगुरुमी म्हणतात. अंगात घालणं आणि कापूस भरलेलं खेळणं, या अर्थाच्या दोन शब्दांपासून ते नाव झालंय. अंगात घालायचं खेळणं! मला शब्दच आवडला.

४ डिसेंबर

माप. छाती ३८, कंबर ३५, सीट ४२. ब्लाऊजच्या मापाला गेलं की मी नेहमी "मागच्यासारखंच घ्या" म्हणते. आज आरशासमोर उभी राहून टेप स्वतः धरला आणि आकडे आले तसे वहीत लिहिले. कितीतरी वर्षांत हे केलं नव्हतं. शरीराशी भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं.

जुना गाऊन आणि पायजमा एकमेकांना जोडून कागदावर बेतलं. चारी बाजूंनी पाऊण इंच माया ठेवली.

७ डिसेंबर

मशीन आईचं, पायाचं, उषा. त्यावर फक्त सरळ टीप पडते. पहिल्या हातभर शिवणीत टाके सुटत गेले, तीन पडले की एक गायब. दोरा बदलला, ताण बदलला, काही फरक नाही. सुई बघावी हे शेवटी सुचलं. नेहमीची सुई टोकदार असते. विणलेल्या कापडाला गोल टोकाची लागते, ती धागा न टोचता बाजूला सारून आत जाते. शिलाईच्या सामानाच्या दुकानात "बनियनच्या कापडाची, १४ नंबर" म्हटल्यावर लगेच मिळाली. टीप लांब केली, दाबपट्टीचा दाब कमी केला, आणि शिवताना कापड अगदी थोडं, टीप पडेल तसं हातानं ताणून धरलं. सरळ टीप ताणाखाली तटकन तुटते, ती अशी थोडी सैल पडली की कापडाबरोबर ताणते. दोराही सुती नको, पॉलिस्टरचाच हवा.

इस्त्रीचा विषयच नाही. फ्लीस म्हणजे पॉलिस्टर, पाण्याच्या बाटल्या होतात त्याच जातीचं प्लास्टिक. १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका गिरणीत ते पहिल्यांदा झालं. प्लास्टिकचं इतकं मऊ काही होऊ शकतं याचं मला अजून नवल वाटतं. शिवण नखानं दाबून बसवते. कड उसवत नाही म्हणून इंटरलॉकची गरज नाही. बुरा मात्र फार होतो. बॉबिनच्या खाली विटकरी गोळेच्या गोळे निघाले. रोज ब्रशनं साफ करून तेलाचा एक थेंब सोडते.

११ डिसेंबर

आज अंगात घातलं. उभी होते तोवर सुंदर दिसत होतं. खुर्चीत बसले आणि पोशाखाच्या आसनाची शिवण उसवली. खांदे मागे ओढले गेले, मान आवळली.

खूप वाईट वाटलं. चार रात्रींचं काम होतं. आईनं बघितलं, काही बोलली नाही. जेवताना म्हणाली, "टेलरमामांना दाखव."

१२ डिसेंबर

टेलरमामा शनिवार पेठेत राहतात. आता काम बंद केलंय, पण त्यांच्या हातचे शर्ट आमच्या सगळ्या नातेवाइकांनी घातलेत. पिशवीतून पोशाख काढताना मला संकोच वाटला होता. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि आधी शिवणी बघितल्या.

"माप कसं घेतलंस? उभ्यानं?"

"हो."

"बसून घ्यायचं पोरी. वरचं आणि खालचं कापड कमरेत वेगळं असतं तेव्हा माणूस वाकला की दोन्ही सरकतात. हे तू एकत्र जोडलंस. आता सरकायला जागा कुठाय?"

त्यांनी मला लाकडी स्टुलावर बसवलं. टेपचं एक टोक खांद्यावर धरायला लावलं, टेप पुढून खाली, आसनाखालून, पाठीवरून परत खांद्यावर. ६२ इंच. माझ्या कागदावर तोच फेरा ६० भरत होता, आणि वर हालचालीसाठी चार इंच तरी मोकळे हवेत.

उपाय त्यांनीच सांगितला. कमरेत आडवं कापून तीन इंचांची पट्टी घालायची. पुढे तीन, मागे तीन, फेरा सहाने वाढतो. आणि आसनात चौकोनी कळी टाकायची, बगलेत चौबगला टाकतात तशी. बाराबंदीचा हात वर जातो तो त्या छोट्या चौकोनामुळं, हे त्यांनी मला कागदाची घडी घालून दाखवलं. तासभर गेला. चहा झाला. "घरात घालायलाय ना? मग जास्त नीट पायजे. बाहेर माणूस दोन तास सोसतो," असं म्हणाले.

शेजारच्या काकूंनी परवा जिन्यात हटकलं होतं, "हे कसलं सोंग?" सोंग मला आवडतं. भारुडातली सोंगं बघत वाढले आहे. पण सोंगाला समोर माणसं लागतात. माझ्या या शिवणकामाला समोर कुणीच नको आहे. हे काकूंना त्या वेळी सांगता आलं नाही म्हणून इथं लिहून ठेवते.

१८ डिसेंबर

पट्टी सायीच्या रंगाची घातली. पुढे ती पोटाच्या पांढुरक्या भागात मिसळली, मागे शेपटीखाली झाकली. कळी दोनदा उसवून तिसऱ्यांदा कोपऱ्यात नीट बसली.

कान आधी टोकदार कापले होते. फोटो काढून बघितला, तर शेकरूचे कान आखूड आणि गोल. पुन्हा कापले.

शेपूट ४० इंच. विटकरी, टोकाकडे फिकट. गादीवाल्याकडचा कापूस जड झाला असता, म्हणून जुन्या उशीतला फायबर भरला. तरी वजनानं पाठ खाली ओढली जायची. मग आतून कमरेला जाड नवारीचा पट्टा केला आणि पाठीत काजासारखी फट ठेवली. शेपूट फटीतून आत जाते, पट्ट्याला हुकानं अडकते. भार कमरेवर, कापडावर काही नाही. स्वयंपाकघरात जाताना काढून ठेवायची. पॉलिस्टर गॅसजवळ नको.

२१ डिसेंबर

रात्री साडेअकरा. अंगात आहे. गच्चीवरच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसले आहे आणि कुठंही ताण नाही, खांद्यावर नाही, आसनात नाही. खिडकीतून अजिंक्यताऱ्याची काळी कड दिसते. दिवा मालवून टोपी मागे सारली तर केसांपाशी बारीक ठिणग्या चमकल्या, कोरड्या हवेत फ्लीस घासलं की उडतात त्या.

मघाशी आई गरम पाण्याची पिशवी द्यायला वर आली होती. मला वळवून पाठ बघितली, पट्टीवरून बोट फिरवलं. डाव्या बगलेत दोऱ्याचं एक टोक राहिलं होतं. वाकून दातानं तोडलं आणि म्हणाली, "उरलेल्या कापडात माझे पायमोजे होतील का?"

होतील. उद्या तिच्या पावलांचं माप घेते, बसवून.