ओटा तोडायचा नाहीये, मग काय करायचं?

गणपती जवळ आले की आमच्या बिल्डिंगमध्ये दोन-तीन घरांत तरी ओटा बदलायचं वारं शिरतंच. मुंबईत ओटा तोडायचा म्हणजे सोसायटीची परवानगी घ्या, डिपॉझिट भरा, डेब्रिज लिफ्टमधून न्यायचं नाही म्हणून गोण्या जिन्याने उतरवा, सिंक काढलं की प्लंबर आला, आणि तोवर रोजचं जेवण बाहेरून. मी म्हटलं जाऊदे, आहे तोच चकाचक करू.

आधी दगड कुठला ते बघा. जुन्या घरांत बहुतेक काळा कडप्पा असतो, तो ग्रॅनाइटसारखा दिसला तरी आहे चुनखडीचा दगड, त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम सांडलं की पांढुरका ठिपका पडतोच. तो घासून जात नाही कारण तो डाग नाहीच, आंबटाने दगडच वरून खाल्लेला असतो. शंका असेल तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून बघा, पुसल्यावर तिथली चमक गेली तर कडप्पा, ग्रॅनाइटला काही होत नाही. म्हणूनच बाथरूमचं अ‍ॅसिड ओट्यावर अजिबात नको, बाई कितीही म्हणू दे "ताई एकदम साफ होतं".

कडप्प्याला हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर आणा, २२०, ४००, ६०० नंबरचा, आणि त्याच क्रमाने पाणी मारत गोल गोल घासा. राखाडी लगदा निघतो, तो सिंकमध्ये सोडू नका, खाली गाळ बसतो, फडक्याने उचलून डब्यात टाका. हात दुखतात, खोटं कशाला बोलू, पण ४०० वर आलात की दगड गुळगुळीत लागायला लागतो आणि मग थांबवत नाही. नीट सुकू द्या, मग स्टोन सीलर लावा, म्हणजे दगडात तेल-पाणी सहज मुरू न देणारं लिक्विड. आई खोबरेल तेलाचा बोळा फिरवायची, त्याने काळाभोर होतो खरा पण तेलकटावर धूळ बसते.

ग्रॅनाइटवर तेलाचा डाग असेल तर खायच्या सोड्याची घट्ट पेस्ट थापा, वर प्लास्टिक लावून रात्रभर ठेवा. एकदा नाही गेला तर परत.

खरा कळकट लूक येतो तो टाइल्स आणि ओट्याच्या मधल्या सांध्यामुळे. जुना काळा पडलेला व्हाइट सिमेंट पात्याने खरवडून काढा, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, सिलिकॉन भरा आणि साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एका दमात फिरवा. दुकानदाराकडे न्यूट्रल सिलिकॉनच मागा, व्हिनेगरसारखा वास येणारं घेतलंत तर त्यातलं अ‍ॅसिड पुन्हा कडप्प्याला लागणार. २४ तास पाणी नको, म्हणजे हे काम जेवणं उरकल्यावर रात्री करायचं आणि दुसऱ्या दिवशी वडापाव.

ओट्यावर चिकटवायचे ते मार्बल डिझाइनचे स्टिकर मात्र मला पटत नाहीत. फोटोत भारी दिसतात, पण शेगडीजवळ कडा सुटतात, आत पाणी जातं आणि मग झुरळांची मजा. भाड्याच्या घरात ठीक आहे.